पिंप क्रमांक ११८२

१

दर गुरुवारी सकाळी अकराला व्हिस्की बनवणाऱ्या बॅलनाफर्न डिस्टिलरीच्या मागच्या कुरणात हेलिकॉप्टर उतरायचं आणि त्यातून सहा गाढवं बाहेर पडायची. हे पाहुण्यांना डिस्टिलरी दाखवणाऱ्या वॉटी गेडिसचे शब्द. तोंडावर अर्थातच तो त्यांना सर आणि मॅडम म्हणायचा, दार उघडून धरायचा आणि कंपनीनं दिलेला किल्ट, म्हणजे इकडचा चौकड्यांचा पारंपरिक घागरा, नेसून हसतमुख उभा राहायचा. त्याच्या घराण्यातल्या चार पिढ्या ह्याच डिस्टिलरीत राबल्या होत्या आणि त्यांतल्या एकानंही जन्मात किल्ट नेसला नव्हता. पण पाहुण्यांना म्हातारा हवा असतो तो किल्टमधलाच.

पाहुणे तरी कसले! एकाला स्वतःचाच ग्लास लागायचा, मखमली पेटीत घालून आणलेला. एक बाई दोन दिवस आधीपासून कांदा खायची नाही, नाक शुद्ध राहावं म्हणून. एक महाशय जपानहून थेट इथं आणि इथून थेट केंटकीला, असे वर्षभर हुंगत फिरायचे. ह्यांना घरी कुणी कामधंदा सांगत नाही का, असं वॉटीला नेहमी वाटायचं.

तो त्यांना हुंगायला शिकवायचा. "घाई नको. नाक ग्लासात, तोंड किंचित उघडं. हं. आता बघा, मनुका सापडतात का."

सगळे डोळे मिटायचे. मग कुणीतरी ओरडायचं, "सापडल्या!"

"आणि मागून संत्र्याची साल?"

"अगदी! अगदी साल!"

कसली साल आणि कसलं काय. वॉटीनं शेण म्हटलं असतं तर ह्यांना शेणही सापडलं असतं आणि त्यावर 'अहाहा'ही झालं असतं. त्याची यादी पाठ होती. मनुका, संत्र्याची साल, अक्रोड, जुनं चामडं आणि शेवटी पुसटसा धूर. यादी खोटी नव्हती. तीस वर्षं त्याच्याच नाकानं ती जमवली होती. पण गेली दोन वर्षं त्या नाकाला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एका हिवाळ्यात ताप आला, आठवड्यानं उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. मनुका नाही, धूर नाही, स्वतःचा घामसुद्धा नाही. व्हिस्की म्हणजे जिभेला चटका देणारं पाणी, बस्स.

हे फक्त त्याच्या बायकोला, एल्सीला ठाऊक होतं. दूध नासलंय की नाही, मासळी ताजी आहे की नाही, ते ती हुंगून सांगायची. डिस्टिलरीत कळलं असतं तर वॉटीला दुसऱ्याच दिवशी खोकी उचलायला लावलं असतं, आणि निवृत्तीला अजून दीड वर्ष होतं. म्हणून तो पाठ केलेलं बोलायचा आणि लोक माना डोलवायचे. अशा लोकांबद्दल माणसाला आदर वाटावा तरी कसा?

२

तीन नंबरचं गोदाम बुटकं होतं, मातीच्या जमिनीचं. आतल्या भिंतींवर दारूच्या वाफेवर पोसलेली काळी बुरशी. आत जाण्याआधी सगळ्यांनी मोबाइल दाराशी पत्र्याच्या पेटीत टाकायचे, हा नियम होता. त्या वाफेत ठिणगी परवडत नाही. मग वॉटी पुढे आणि गाढवं मागे, अशी वरात पिंपांच्या रांगांमधून शेवटच्या कोपऱ्यात जायची. तिथं अकराशे ब्याऐंशी नंबरचं पिंप होतं. एकोणीसशे एकोणऐंशीत भरलेलं, आणि ह्या उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी पहिल्यांदा उघडलेलं.

वॉटी लाकडी मोगरीनं बुचाच्या ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक असे ठोके देत राहायचा. बूच हळूहळू सैल होऊन टुणकन वर उडायचं आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. टाळ्या! बुचाला! मग तो तांब्याची लांब नळी आत सोडायचा, वरच्या भोकावर अंगठा दाबायचा आणि भरलेली नळी वर काढून एकेकाच्या ग्लासात रिकामी करायचा.

जूनच्या पहिल्या गुरुवारी सहांमध्ये ह्यूस्टनचा एक दातांचा डॉक्टर होता. दांडगा गडी, पण लाजाळू. वॉटीनं मनुका विचारल्या तेव्हा बाकीच्यांनी लगेच हात वर केले आणि हा आपला ग्लासात नाक घालून उभाच.

"काय सर? मनुका?"

"सॉरी," डॉक्टर म्हणाला. "मला जमत नाहीये बहुतेक. मला ओला लोकरी कोट येतोय. आणि रॉकेल. आणि..." त्यानं ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. "कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. चामड्याचा."

"हो!" मागून एक बाई किंचाळली. "कुत्रा! मलाही कुत्राच येतोय!"

बघता बघता सहाही जणांना कुत्रा आला. वॉटीला हसू आवरेना. त्यानं तोंड फिरवून नळी पुसली आणि म्हणाला, "वा सर! काय नाक आहे तुमचं!"

शेवटी प्रत्येकानं काय काय सापडलं ते एका जाड कार्डावर लिहून द्यायचं, अशी पद्धत होती. ती कार्डं रोना ठेवून घ्यायची. रोना म्हणजे डिस्टिलरीची मॅनेजर, वॉटीच्या मुलीच्या वयाची. पण तिच्याकडे जाण्याआधी ती एक रात्र वॉटीच्या घरी मुक्काम करायची. आठवड्यातली तेवढीच खरी करमणूक होती.

३

घर चार मैलांवर होतं, दगडी, एकटं, मळ्यांच्या कडेला. संध्याकाळी सहाला खिमा आणि बटाटे खाऊन झाले की वॉटी चष्मा लावायचा आणि एकेक कार्ड वाचून दाखवायचा, ज्याचं कार्ड त्याच्या आवाजात. एल्सीला हसून हसून ठसका लागायचा.

"'दूरच्या समुद्रावरची खंत,'" वॉटीनं वाचलं. "खंत! अगं, खंतीला वास असतो, ऐकलंयस कधी?"

"मेल्या, पुरे कर," एल्सी डोळे पुसत म्हणाली. "पोटात दुखायला लागलं."

मग त्यानं दातांच्या डॉक्टरचं काढलं. ह्यूस्टनचा हेल काढून, नाकात बोलून वाचलं. एल्सी हसली नाही.

"परत वाच," ती म्हणाली.

"अगं, लोकरी कोट, ओला. रॉकेल. कुत्र्याचा पट्टा."

"ही आपली पडवी आहे, वॉटी."

वॉटीनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. दाराबाहेरच्या काचेच्या पडवीत त्याचे कोट टांगलेले असायचे, हे खरं. कोपऱ्यात रॉकेलचा डबा होता, हेही खरं. आणि सगळ्या कोटांच्या खाली, त्याच खुंटीला, त्यांच्या कुत्रीचा, बेसचा पट्टा होता. बेस जाऊन चार वर्षं झाली होती. पट्टा काढून टाकायचा दोघांनाही धीर झाला नव्हता.

"ह्या अख्ख्या खोऱ्यात कोणाच्या पडवीत कोट आणि रॉकेल नाही, ते सांग मला," तो म्हणाला. "कुत्रीही सगळ्यांकडे आहेत. त्या बिचाऱ्याला आपल्या आजोळची आठवण झाली असेल."

"असेल," एल्सी म्हणाली.

ती उठली, ताटल्या उचलल्या आणि मोरीकडे जाता जाता वळून तिनं पडवीच्या आतल्या दाराला कडी घातली. बाहेर लख्ख ऊन होतं. जूनमध्ये इथं रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि त्या दाराला त्यांनी कधी कडी घातलेली नव्हती. वॉटीनं ते पाहिलं आणि मनात म्हणाला, आता हिलाही त्या गाढवांचं नाक फुटलं.

४

पण माणूस विचार करणारा होता. आठवडाभर विचार करून त्यानं उत्तर काढलंच. त्या डॉक्टरला पिंपातला वास आलाच नव्हता. त्याला वॉटीचा वास आला होता. रोज त्याच पडवीतून कोट घालून निघणारा माणूस पुढ्यात उभा असेल तर दुसरं काय येणार? स्वतःला वास येत नाही म्हणून हे आधी सुचलं नाही, एवढंच. त्याला फार बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी तो डिस्टिलरीतच अंघोळ करून, धोब्याकडून आलेले कपडे घालून उभा राहिला. शिवाय पाहुण्यांनी ग्लास उचलायच्या आतच त्यानं मोठ्यानं अख्खी यादी म्हणून टाकली, मनुकांपासून धुरापर्यंत. आता बघू कुणाची टाप आहे!

सहा नाकं ग्लासात गेली. ती वर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"मेणाचं पॉलिश," एकजण म्हणाला.

"घड्याळातलं तेल. मोठं घड्याळ असतं ना, भिंतीला टेकून उभं, त्यातलं."

"ओलसर वर्तमानपत्रं. खूप जुनी."

"जिना आहे," एक डच म्हातारी म्हणाली. ती जन्मभर अत्तरं बनवत आलेली बाई होती. तिचे डोळे मिटलेले होते. "लाकडी जिना. पाचव्या पायरीवर कधीकाळी टर्पेंटाइन सांडलंय."

वॉटीनं स्वतःच सांडलं होतं ते, घरच्या जिन्यावर. कठड्याला रंग लावला होता त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली. डाग घासूनही गेला नव्हता, म्हणून त्यावर गालिच्याची लांब पट्टी आली.

"पाचव्या?" तो हसून म्हणाला, पण हसू नीट निघालं नाही. "मॅडम, तुमच्या नाकाला मोजताही येतं?"

म्हातारीनं डोळे उघडले. "मोजलं नाही मी. मी चढत होते." तिनं ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला नाही. "माझ्यापुढे कुणीतरी होतं. म्हणून मी थांबले."

सगळे गेल्यावर वॉटीनं तिचा ग्लास उचलला आणि नाक आत खुपसलं. शिकवतो तसं, तोंड किंचित उघडं ठेवून, तीन वेळा. काहीही नाही. काचेची थंडगार कड नाकाला लागली तेवढीच.

५

त्या दिवशी कार्डं वाचून दाखवायचा बेत नव्हता. एल्सीनंच ती त्याच्या खिशातून काढली. सहाही वाचली, दोनदा वाचली आणि टेबलावर पालथी ठेवली.

"तुला सांगणार नव्हते," ती म्हणाली. "घरात वास येतोय."

"कसला?"

"साचलेल्या पाण्याचा. गंजक्या लोखंडाचा. आणि कुणी फार वेळ एका जागी बसून राहिलं की येतो, तसला. मागच्या आठवड्यात पडवीत होता. आज दुपारी जिन्याखाली आलाय."

वॉटीनं बाह्या सरसावल्या. गटारावरची झाकणं उचलली, पन्हळी तपासल्या, जिन्याखालच्या कपाटातलं सगळं बाहेर काढलं. सगळं कोरडं ठणठणीत. जळमटंसुद्धा जागच्या जागी. तो कपाटात डोकं घालून उकिडवा बसला आणि जोरजोरात श्वास घेत राहिला. आपण अगदी त्या गाढवांसारखे दिसत असणार, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं डोकं तापलं.

"काही नाहीये इथे!"

"तुला कसं कळणार?" एल्सी म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नाही, साधंच म्हणाली. म्हणूनच ते जास्त लागलं. "वॉटी, ते पिंप बंद कर. ते लोक हुंगतात आणि इथं एकेक पाऊल पुढे पडतं."

"आणि कंपनीला काय सांगू? बायकोला घरबसल्या वास येतात म्हणून धंदा बंद करा? एल्सी, माझं नाक गेलं, तुझं डोकं गेलं!"

बोलल्यावर त्याला वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यायची सवय त्याला नव्हती.

एल्सी बराच वेळ भांडी विसळत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "दोन वर्षं तुझ्या वाटचं मीच हुंगतेय. तेव्हा नाही वाटलं, हिचं डोकं गेलं म्हणून."

६

रोना मात्र खुशीत होती. ऑफिसच्या भिंतीवर तिनं कार्डं टाचून ठेवली होती, ओळीनं, पडवीपासून जिन्यापर्यंत.

"काय मंत्र घालतोस रे त्यांच्यावर?" ती म्हणाली. "मनुका-बिनुका सगळ्याच डिस्टिलऱ्यांत मिळतात. हे असलं घरगुती कुठे मिळतं? लोकांना घरी गेल्यासारखं वाटतंय, वॉटी!"

"वाटेल, वाटेल," वॉटी म्हणाला. "त्यांना काय, काहीही वाटतं."

"गुरुवारी ह्या पिंपाचं शेवटचं टेस्टिंग बरं का. आत किती उरलंय बघून सांग."

पिंपात किती आहे ते बघायला उघडावं लागत नाही. मोगरीनं खालून वर ठोकत यायचं. भरलेल्या भागाचा आवाज बद्द येतो, रिकाम्याचा पोकळ. वॉटीनं खालच्या फळीपासून सुरुवात केली. वीतभर बद्द, मग पोकळ. एका टेस्टिंगपुरतं होतं. तो तसाच मोगरी हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. एवढ्या मोठ्या पिंपातून दोन आठवड्यांत इतकं कसं उपसलं गेलं, हा हिशेब त्याला जमेना. रात्रीतून कुणी चोरलं असेल, असं म्हणून त्यानं तो सोडून दिला.

घरी एल्सी रोज सांगायची. रविवारी तिसरी पायरी, सोमवारी पाचवी. मंगळवारी तिनं जिन्यावरून येणं-जाणंच कमी केलं. दिवसभर वरच्या बेडरूममध्ये खिडक्या उघड्या टाकून ती विणत बसायला लागली. बुधवारी म्हणाली, "मी थोडे दिवस बकी गावी जाते, बहिणीकडे."

"तिला काय सांगशील? पाण्याच्या वासाला घाबरून आले? उद्या सगळ्या बकीभर होईल, वॉटी गेडिसची बायको बिघडली म्हणून."

एल्सीनं विणकाम पुन्हा उचललं. तिचा चेहरा इतका ओढलेला होता की त्याला पहिल्यांदाच कीव आली. तो तिच्याजवळ बसला.

"हे बघ. उद्या मी त्यांना अकराशे ब्याऐंशी पाजतच नाही. शेजारच्या पिंपातली साधी दहा वर्षांची पाजतो. त्या खुळ्यांना पत्ता लागायचा नाही. आणि तरीही त्यांनी जिने न् पायऱ्या लिहिल्या, तर हे सगळं थोतांड आहे, एकमेकांचं ऐकून चाललंय, हे तूच कबूल करशील. करशील ना?"

"तरीही लिहिलं," एल्सी सावकाश म्हणाली, "तर ते पिंपात नाहीच. मग ते इथंच आहे."

"तू म्हणजे ना!" वॉटी म्हणाला आणि दिवा मालवला.

७

गुरुवारी त्यानं बोलल्याप्रमाणे केलं. पाहुणे यायच्या आत शेजारच्या पिंपातली व्हिस्की तांब्याच्या चंबूत काढून ठेवली. लोकांसमोर अकराशे ब्याऐंशीचं बूच उडवलं, टाळ्या घेतल्या, नळी आत घालून वर काढल्याचं नाटक केलं आणि ओतली ती चंबूतली. सिंगापूरचं एक जोडपं होतं, झुरिकचे दोन भाऊ, लंडनची एक वकीलबाई आणि काठी टेकत आलेला नव्वदीचा एक ग्रीक म्हातारा. पाच जणांनी रंगावरूनच वाहवा सुरू केली. वॉटीच्या अंगात पुन्हा जीव आला. प्या, बाबांनो, प्या!

ह्या वेळी त्यानं यादीच सांगितली नाही. "तुमचं तुम्ही शोधा," म्हणाला.

"लॅव्हेंडर," वकीलबाई म्हणाली.

"कापराचं मलम. सांध्यांना लावतात ते."

"गरम पाण्याची रबरी पिशवी," सिंगापूरचा नवरा म्हणाला. बायको त्याच्याकडे बघून मान हलवत होती. "आणि लोकर. विणायची."

उशीखाली लॅव्हेंडरची पुरचुंडी ठेवायची एल्सीची सवय होती. मलम तिच्या गुडघ्यांचं. थोतांड, तो मनाशी म्हणाला, सगळ्या जगातल्या म्हाताऱ्या बायका लॅव्हेंडर ठेवतात. पण पिंप तर दुसरंच होतं. मग ह्यांना हे कुठून येत होतं?

तेवढ्यात गोदामाचं दार करकरलं आणि रोना आत आली. ती उन्हातून आल्यामुळे डोळे बारीक करून रांगांमधून त्याला शोधत होती.

"वॉटी! ऑफिसात एल्सीचा फोन आहे. ताबडतोब ये म्हणते."

सहाही डोकी वळली. वॉटीचे कान तापले.

"काय झालं म्हणाली?"

"नीट कळलं नाही. म्हणाली, बेडरूमच्या दाराशी आलंय." रोना गोंधळली होती. "काय आलंय, वॉटी? फार हळू बोलत होती."

वकीलबाईच्या ओठांवर पुसटसं हसू आलं. किंवा वॉटीला तसं वाटलं. तीस वर्षं तो ह्या लोकांना हसत आला होता आणि आज किल्ट नेसून, चंबू हातात घेऊन, तो त्यांच्यापुढे उभा होता. ह्याची बायको खुळी आहे हे त्यांना कळत होतं. त्याला ते सहन झालं नाही.

"सांग तिला, आटपलं की येतो," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं. त्यात काही मरत नाही."

रोना गेली. वॉटीनं प्रत्येकाच्या ग्लासात पाण्याचे दोन-दोन थेंब टाकले. पाण्यानं व्हिस्की उमलते आणि दुसऱ्यांदा हुंगायचं असतं. "घ्या. पुन्हा एकदा."

ग्रीक म्हातारा इतका वेळ काहीच बोलला नव्हता. त्यानं नाक ग्लासावर धरलं आणि ते तिथंच राहिलं. बाकीच्यांनी ग्लास खाली केले तरी तो हुंगतच होता.

"चमत्कारिक आहे," तो म्हणाला. "मघाशी एक बाई होती. आता नाही."

"मग काय आहे?" वॉटीनं विचारलं. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही.

"पाणी. लोखंड." म्हाताऱ्यानं पुन्हा श्वास घेतला. त्याच्या कपाळाला आठी पडली. "आणि कुणीतरी लॅव्हेंडर लावून बघतंय. अजून जमलं नाहीये त्याला."

वॉटीनं चंबू जमिनीवर ठेवला आणि तो पळत सुटला.

८

भर दुपारचे साडेबारा वाजले होते. रस्त्यावर शेजारचा मळेवाला मेंढ्या पार करत होता आणि वॉटी गाडीच्या हॉर्नवर हात दाबून धरून रडकुंडीला आला. त्या मेंढ्या जाईपर्यंत त्याला एवढंच दिसत होतं की रोनानं एल्सीला तेच शब्द सांगितले असतील आणि तिनं फोन ठेवला असेल. आटपलं की येतो. त्यात काही मरत नाही.

पडवीचं दार उघडं होतं. आतल्या दाराची कडी आतून घातलेली असायला हवी होती, तीही निघालेली होती.

"एल्सी!"

घड्याळाची टिकटिक होती. स्वयंपाकघरात सगळं जागच्या जागी होतं. तो जिन्याखाली आला, पहिली पायरी चढला आणि थबकला.

त्याला वास आला.

दोन वर्षांनी. एका क्षणात त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि देवाशपथ, पहिल्यांदा ते आनंदाचं होतं. मग वास कसला आहे ते कळलं. हिरवं साचलेलं पाणी, गंज, आणि फार फार वेळ एका जागी बसून राहिलेलं काहीतरी. बाकी काही नाही. मेण नाही, तेल नाही, पाचव्या पायरीवर टर्पेंटाइन नाही. कठड्याला धरून तो वर गेला तसा वास दाट होत गेला, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर त्या वासावर लॅव्हेंडरचा एक पातळ थर चढला.

बेडरूमचं दार आतून उघडलं आणि एल्सी बाहेर आली.

"लवकर आलास," ती म्हणाली.

तिच्या अंगात तिचा निळा स्वेटर होता. केस नीट विंचरलेले होते. चेहरा तोच होता, डाव्या भुवईवरच्या व्रणासकट. तिच्यामागे दार वीतभर उघडं राहिलं होतं आणि त्या फटीतून वॉटीला पलंगाची कड दिसली. त्या कडेवरून एक हात खाली लोंबत होता. त्या हातावरही निळ्या स्वेटरची बाही होती, मनगटाशी उसवलेली. ती बाही उसवलेली होती हे त्याला ठाऊक होतं. एल्सी महिनाभर म्हणत होती, शिवायला हवी. समोर जी उभी होती तिच्या दोन्ही बाह्या धड होत्या.

तिनं न वळताच हात मागे नेला आणि दार ओढून घेतलं.

"फोन केला होतास ना?" वॉटी म्हणाला.

"मी? नाही बाई." ती एक पाऊल पुढे टाकून त्याच्या समोर आली. "माझ्या अंगाला कसला वास येतोय, सांग बरं."

दोन वर्षांत एल्सीनं हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. ज्याला दिसत नाही त्याला रंग विचारत नाहीत.

वॉटीच्या घशाशी तो वास गच्च बसला होता. त्यानं श्वास रोखला. "मला वास येत नाही," तो म्हणाला. "तुला माहीत आहे."

ती थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, एखादी गोष्ट पाठ करून ठेवावी तशी. मग म्हणाली, "हो. मला माहीत आहे. चल, सूप करते."

ती पुढे झाली आणि वॉटी मागून उतरला. दार त्याच्या पाठीशी होतं, चार पावलांवर, नुसतं लोटलेलं. त्यानं वळून ते ढकलायला हवं होतं. प्रत्येक पायरीवर तो हेच स्वतःला सांगत होता आणि प्रत्येक पायरी उतरत होता. जन्मभर जगाला गाढव म्हणणारा माणूस वळलाच नाही.

स्वयंपाकघरात तिनं खुर्ची ओढून दिली. तो उभाच होता तेव्हा वरून आवाज आला. फार बारीक, घोगरा, श्वास पुरत नसल्यासारखा.

"वॉटी... आलास का रे?"

भांड्यावरचं झाकण हातात धरून ती थांबली. त्याच्याकडे न बघता तिनं विचारलं, "काही ऐकू आलं?"

"नाही," वॉटी म्हणाला आणि खुर्चीत बसला.